कपाटापलीकडच्या बाईंस

सोमवार, १० नोव्हेंबर

श्रीमती संघप्रिया वाघमारे,
वर्गशिक्षिका, तिसरी 'अ' यांस,

आपण माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसता, मध्ये फक्त तीन लोखंडी कपाटं आहेत, तरीही हे पत्र लिहायची वेळ आली आहे. कारण आज मधल्या सुट्टीत ज्ञानदेव सरांनी मला बोलावलं. चष्मा पुसत म्हणाले, "उर्मिलाबाई, मी मुख्याध्यापक म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतो. श्रुतलेखनातून भांडणं बंद करा."

मी म्हटलं, कसलं भांडण? मी मुलांना शुद्ध मराठी वाक्यं घालते. तर त्यांनी माझ्या वर्गातल्या इशिताच्या वडिलांना समोर उभं केलं. दशरथ, रिक्षा चालवतात, शांती नगर ते स्टेशन. त्यांच्या हातात मुलीची वही. शुक्रवारचं वाक्य होतं, 'काही माणसे अकरा वर्षे सोबत बसतात आणि वेळ आली की पाठ फिरवतात.' दशरथ म्हणाले, "मॅडम, गेल्या आठवड्यात मी तुम्हाला भाडं नाही बोललो, कारण गॅस भरायला लाइनमध्ये जायचं होतं. त्याच्यासाठी डायरेक्ट पोरीच्या वहीत काढायचं? घरात मिसेस विचारते, ही पाठ कोणाला फिरवली तुम्ही."

त्या माणसाची समजूत घालता घालता माझा चहा गेला. वाक्य कोणासाठी होतं हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या दिवशी कपाटापलीकडे तुमचा खडू मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तर यापुढे मी कागदावर लिहीन. इशिता चिठ्ठी कपाटांमधल्या फटीतून देईल. ती वाचेल याची भीती नको. ती पुस्तकातलं सगळं वाचते, माझं अक्षर मात्र तिला लागत नाही.

मूळ विषय आपण विसरला असाल तर आठवण देते. ऑगस्टमध्ये स्टाफरूममध्ये, चार लोकांसमोर, हातात माझाच घावणा धरून आपण म्हणालात, "उर्मिलाच्या दुसरीतून मुलं येतात ती नुसती चाल घेऊन येतात, आकडा एकालाही येत नाही." सगळे हसले. आपण घावणा संपवलात आणि दुसरा घेतलात.

सव्वीस वर्षं मी दुसरी शिकवते आहे. माझी मुलं पाढे म्हणतात तेव्हा रस्त्यावरचा भाजीवाला मान डोलावतो. आकडा येत नाही म्हणे!

खिडकी आपल्या बाजूला आहे, म्हणून वारा आपल्या मालकीचा होत नाही. कृपया पडदा सरकवावा. अन्यथा पंख्यांची बटणं माझ्या बाजूला आहेत, हे लक्षात असू द्यावं.

आपली (असं लिहायची पद्धत आहे म्हणून),
उर्मिला सावंत
दुसरी 'अ'

बुधवार, १२ नोव्हेंबर

वाघमारे बाई,

पत्राला पत्राने उत्तर द्यावं, एवढी साधी रीत आहे. आपण मात्र गणिताच्या तासाला, मुद्दाम आवाज चढवून, शाब्दिक उदाहरण घातलंत. मी लक्ष देत नव्हते. तरी शब्द न शब्द ऐकू आला.

"लिहा. एका बाईंनी वर्गाच्या मधोमध भिंत मागितली. भिंतीला नऊशे विटा लागतात. रोज तीनशे विटा आल्या, तर बाईंना पश्चात्ताप व्हायला किती दिवस लागतील?"

आपल्या कौस्तुभने विचारलं, "बाई, पश्चात्ताप म्हणजे किती?" आणि आपण हसलात. सगळी तिसरी हसली. काय ऐकून हसली देव जाणे, पण माझी दुसरीसुद्धा हसली.

आता भिंतीचं. आपल्याला कोणी काय सांगितलं माहीत नाही. ही भिंत संस्थेच्या इमारत समितीच्या डोक्यातून निघाली आहे. एकाच लांबलचक खोलीत दोन वर्ग, मध्ये कपाटं, हे किती वर्षं चालायचं? कुणीतरी समितीचं लक्ष वेधलं असेल. कुणी वेधलं या खोलात मी शिरत नाही. माझं नाव कानावर आलं असेल तर अर्जावर सही करणारी उर्मिला सावंत दुसरीही कुणी असू शकते.

(शाळेत दुसरी नाही, हे मला माहीत आहे.)

शिपाई बाबाजी टेप घेऊन मापं घ्यायला आला होता. चौक गावाहून रोज बस पकडून येतो आणि बसमधली सगळी मतं सोबत आणतो. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाई, भिंत कशाला पायजे? हितं आवाजाचा तरास न्हाय, वाऱ्याचा हाय. भिंत झाली का तुमचे पोरांना खिडकी न्हाय."

हे खरं आहे. खिडकी पूर्णपणे आपल्या वाट्याला जाईल. अर्ज करताना, म्हणजे ज्या कुणी केला त्यांनी, खिडकीचा विचार केला नव्हता. रागात माणूस खिडकीचा विचार करत नाही.

तेव्हा मला काळजी असेल तर ती फक्त खिडकीची आहे.

उ. सावंत

शनिवार, १५ नोव्हेंबर

वाघमारे बाई,

काल बालदिनाच्या नाटुकल्याच्या शेवटच्या तालमीसाठी आपण सकाळीच तिसरीला वरच्या हॉलमध्ये घेऊन गेलात. इकडे काय झालं हे आपल्याला कळायला मार्ग नाही, म्हणून कळवते.

प्रार्थना झाली. हजेरी झाली. पाढ्यांची वेळ झाली. आपल्याकडची पद्धत आपल्यालाच सांगायला नको, ती आपण दोघींनीच पाडली. माझी मुलं इकडून अर्धी ओळ टाकतात आणि तुमची मुलं तिकडून आकडा टाकतात. इकडून 'सात एके', तिकडून 'सात'. इकडून 'सात दुणे', तिकडून 'चौदा'. पावसाळ्यात पत्र्यावर पाणी वाजत असलं की दोन्हीकडचे गळे फुटेस्तोवर ओरडतात. कुठल्याच शाळेत असे पाढे होत नाहीत, असं आपणच पालकसभेत सांगितलं होतंत.

तर काल माझी मुलं उठून उभी राहिली, छाती भरून हवा घेतली आणि म्हणाली, "सात एके!"

उत्तर नाही.

मुलं थांबली. पुन्हा म्हणाली, "सात एके!" जरा मोठ्याने. आमचा जीवन कपाटाच्या फटीला तोंड लावून ओरडून आला. मग इशिता म्हणाली, "बाई, आज ते रुसलेत."

मी म्हटलं, अरे, ते वर गेलेत, आज मी उत्तरं देते. सात एके?... सात! तर मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या डब्यात हात घातला. जीवन म्हणाला, "बाई, तुम्ही नका ना बोलू. ते तिकडून येतं."

मी म्हटलं, बरं, मग तुम्हीच सांगा. सात दुणे किती? एकालाही सांगता येईना. चाल सगळ्यांना येत होती. बोटं मोजून चार जण चौदापर्यंत पोचले, त्यातला एक पंधरावर.

हा योगायोग असावा. नाटुकल्याच्या दिवशी मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं. मी पाढे आवरते घेतले आणि चित्रकलेचे कागद वाटले.

उगाच कपाटाकडे पाहत बसले थोडा वेळ. तुमच्या बाजूला इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं. तुमचा आवाज कर्कश आहे असं मी सगळ्यांना सांगत असते आणि ते खरंच आहे. पण काल तो नव्हता तर वर्ग मोठा आणि रिकामा वाटला. मला ते आवडलं नाही.

हे फक्त माहितीसाठी. याचा वेगळा अर्थ काढू नये.

उर्मिला सावंत

मंगळवार, १८ नोव्हेंबर

संघप्रिया,

आज 'वाघमारे बाई' लिहायला हात वळत नाही. दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा पहिले माझ्याकडेच आले. तुला तिकडे ऐकू येत होतंच, पण चेहरे दिसले नाहीत ना, ते सांगते. ज्ञानदेव सर साहेबांच्या मागे, चष्मा पुसून पुसून काच पातळ केलेली. साहेब गृहस्थ चांगले. मुलांना म्हणाले, "घाबरायचं नाही हं. कोण सांगतं, सात सक?"

इशिता ताडकन उभी राहिली. मला केवढा अभिमान वाटला! आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सात साते!"

साहेब म्हणाले, "नाही बेटा, मी विचारतोय. सात सक?"

इशिता म्हणाली, "सात साते?"

"अगं, प्रश्न मी विचारायचा."

"आम्ही पण विचारतोच, सर."

आणि तेवढ्यात कपाटापलीकडून तुझी अख्खी तिसरी गरजली, "बेचाळीऽऽस! एकोणपन्नाऽऽस!" साहेबांनी छताकडे पाहिलं, मग कपाटाकडे. त्यांनी विचारलं, "हे कोण बोललं?" जीवन अगदी साहजिक सुरात म्हणाला, "उत्तरं, सर. ती तिकडे असतात."

मला वाटलं जमीन दुभंगावी. आणि खरं सांगू? त्याच वेळी तुझा राग आला, की आता ही पलीकडे ओढणीत तोंड घालून हसत असेल. 'चाल येते, आकडा येत नाही.' साहेबांसमोर, सरांसमोर सिद्ध झालं.

पण मग साहेब वळसा घालून तुझ्याकडे गेले आणि मी कपाटाला कान लावला. मुलांनीही लावले. साहेबांनी कौस्तुभला विचारलं, "सात आठे?" तो हुशार मुलगा, पण त्याने पहिल्यापासून सुरुवात केली: सात, चौदा, एकवीस... छप्पन्नवर येऊन थांबला. साहेब म्हणाले, "बरोबर. आता सांग, त्रेसष्ट म्हणजे सात गुणिले किती?" तर पोरगा म्हणतो, "सर, ते आधी तिकडून आलं पाहिजे."

म्हणजे माझ्याकडे नुसते प्रश्न आणि तुझ्याकडे नुसती उत्तरं. आपण दोघींनी मिळून पाढ्याची मधोमध फाळणी केली, टाळ्या घेतल्या, पालकसभेत मिरवलं आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही. माझी मुलं तुझ्याकडे येतात तेव्हा खरंच त्यांना आकडा येत नसतो. तू म्हणालीस ते खरं होतं. घावणा हातात धरून म्हणायला नको होतंस, एवढंच.

जाताना साहेब म्हणाले, "अर्धे पाढे इकडे, अर्धे तिकडे. आधी मध्ये भिंत घाला, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण होतील." ज्ञानदेव सर फुलून गेले. "मंजूरच आहे, साहेब! अर्ज आमच्या सावंत बाईंचाच!"

तर हो. अर्ज माझा. ऑगस्टमध्ये तू दुसरा घावणा घेतलास त्याच दुपारी लिहिला. 'शेजारच्या वर्गातील शिक्षिकेच्या आवाजामुळे अध्यापनात व्यत्यय येतो.' तुला आधीपासून माहीत होतं, हे तुझ्या विटांच्या उदाहरणावरून कळलंच. तरी लिहून सांगावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी गवंडी येणार आहेत. मी सरांना म्हटलं, मी अर्ज मागे घेते. ते म्हणाले, "अर्ज तुमचा असला तरी खोली दोघींची. मागे घ्यायला दोघींच्या सह्या लागतील." कागद सोबत जोडला आहे. माझी सही झाली आहे. खाली तुझी जागा सोडली आहे.

पाढ्यांचं आपण सुधारू. त्याला भिंत कशाला हवी?

उर्मिला

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

संघप्रिया,

तीन दिवस झाले, कागद परत आला नाही. उदाहरण मात्र आलं.

"रिक्षाच्या रांगेत दोन बायका उभ्या आहेत. दोघींच्या मध्ये एक काका आहेत. काका पुढच्या रिक्षात बसून निघून गेले. आता दोघींमधलं अंतर किती?"

तुझी रुचिता म्हणाली, "दोन फूट." कौस्तुभ म्हणाला, "काका केवढे जाडे आहेत त्याच्यावर आहे." आणि तू म्हणालीस, "अंतर तेवढंच राहिलं. कारण दोघीही पुढे सरकल्या नाहीत."

कालचीच गोष्ट. काका गेल्यावर मी पुढे सरकणार होते. पण मला वाटलं तू सरकशील. मग मागचा माणूस ओरडला, "आगे बढो ना मॅडम, दोनो पिक्चर देख रहे क्या?" आणि आपण दोघी वेगवेगळ्या रिक्षांत बसलो. अर्धी अर्धी रिक्षा रिकामी. दशरथची होती माझी. तो आरशातून बघत होता. म्हणाला, "मॅडम, ती पाठ फिरवणारी म्हणजे वाघमारे मॅडम होय? मग मिसेसला सांगतो, मी नव्हतो. घरात चार दिवस मला भाकरी हातात मिळत नव्हती."

बघ, आपल्या भांडणाने लोकांचे संसार हलायला लागले.

संघप्रिया, मी खिडकीचं कारण सांगत होते ते सोडून दे. खिडकीशिवाय मी शिकवीन. पंखा आहे, आणि बटणं तर माझ्याच बाजूला आहेत. पण माझा घसा बसला होता त्या वर्षीचं तुला आठवतं का? डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. रजा शिल्लक नव्हती. तू म्हणालीस, तू फक्त उभी राहा, तोंड हलव. आणि कपाटापलीकडून तू माझा पूर्ण वर्ग घेतलास, स्वतःचा सांभाळून. मुलांना वाटायचं बाईंचा आवाज आता जरा लांबून येतो. कवितेसाठी तर तू माझी नक्कल करायचीस, तो हेलसुद्धा. मी इकडे उभी राहून हसू दाबत होते, बोलायची बंदी आणि हसायचीही.

मला तुझी आठवण येते. तू समोर असतेस, तुझ्या खडूचा आवाज ऐकू येतो, तू शिंकलीस की माझी मुलं 'सत्य आहे' म्हणतात, आणि तरी मला तुझी आठवण येते. डबा मी आता वर्गात एकटी खाते. घरी जाऊन काय सांगायचं तर काही नसतं. पूर्वी अर्धं तुझंच सांगायचे. यांनी परवा विचारलं, "हल्ली शाळेत काही घडत नाही का गं?"

सोमवारी भिंत उभी राहिली की तुझा आवाजही जाईल. मग आपण खरंच दोन खोल्यांतल्या दोन बाई होऊ. त्याला इलाज राहणार नाही, कारण आपल्या दोघींच्याही अंगात एवढा ताठा आहे की एकमेकींच्या दारात जाणं काही होणार नाही.

सही कर गं.

उर्मिला

सोमवार, २४ नोव्हेंबर

संघे,

हे घरी बसून लिहिते आहे. तोंडाने सगळं बोलून झालंय तरी लिहिते, कारण माझ्या बाजूचं तुला अजून माहीत नाही.

सकाळी फाटकाशी विटा येऊन पडल्या होत्या. मुलं त्यांच्यावर चढून पुढारी पुढारी खेळत होती. गवंडी आले, तंबाखू मळत बसले. ज्ञानदेव सर त्यांना चहा पाजत होते. माझ्याकडे सही नव्हती. पहिल्या तासाला बाबाजी कपाटं ओढायला आला. म्हणाला, "बाई, यो पहिला कपाट तुमचे बाजूला घेऊ का त्यांचे?" मी त्याला म्हटलं, थांब जरा, मुलांचं लिहून होऊ दे. मुलं काहीच लिहीत नव्हती.

तेवढ्यात पलीकडून तुझा आवाज आला. या खेपेला चढवलेला नव्हता. नेहमीचा होता.

"लिहा मुलांनो. एका डब्यात सहा धपाटे आहेत. खाणारी एकटी आहे. तिला तीनच जातात. तर उरलेल्या तीन धपाट्यांचं काय करायचं?"

तिसरीने पेन्सिली चावल्या. त्यांना वाटलं सोपं आहे म्हणजे काहीतरी फसवणूक असणार. कुणीतरी म्हणालं, "बाकी तीन." तू म्हणालीस, "बाकी किती ते नाही विचारलं. काय करायचं ते विचारलं."

आणि माझ्या इशिताने, जिला आयुष्यात उत्तर द्यायचं माहीत नव्हतं, जी फक्त प्रश्न विचारते, तिने जागेवरूनच ठणकावलं, "आमच्या बाईंना द्या!"

मला रडू फुटलं. मुलांसमोर. जीवन म्हणाला, "बाई, तुम्हाला धपाटे आवडत नाहीत का?" मी उठले, कपाटांना वळसा घातला. अकरा पावलांचासुद्धा रस्ता नाही तो. ऑगस्टपासून मला तो दिसत नव्हता. तू डबा उघडून टेबलावर ठेवला होतास, शेंगदाण्याच्या चटणीसकट. तू म्हणालीस, "गार झालेत. उशीर केलास." एवढंच म्हणालीस, आणि मी दोन खाल्ले, उभ्याने, साठ मुलांसमोर, पहिल्या तासाला. बाबाजी टेप हातात घेऊन बघत राहिला.

आता सहीचं. मला वाटलं तू सही करून कागद देशील. तू म्हणालीस, "वेडी आहेस का? अर्ज मागे घेतला तर कारण लिहावं लागतं. कारण काय लिहिणार? एकमेकींशिवाय करमत नाही म्हणून? आणि साहेब भिंत घाला म्हणून गेलेत. सर ऐकतील?" आणि माझा मागे घेण्याचा कागद फाडून तू नवा लिहिलास. 'भिंत हवीच. मात्र दोन्ही वर्गांना ये-जा करण्यासाठी तिला दार असावे.' खाली तुझी सही. मी पण केली. मला काही समजलं नव्हतं, पण धपाटा तोंडात असताना मी वाद घालत नाही.

तू वर्गाकडे वळलीस त्यानंतरचं सांगते. मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "दार? नकाशात दार नाही. मंजुरी नुसत्या भिंतीची आहे." मी म्हटलं, दोघींची सही आहे, सर. ते म्हणाले, "पण दाराचं म्हणजे पुन्हा इमारत समितीकडे जावं लागेल." मी म्हटलं, जायला हवंच, मुलांच्या सोयीचा प्रश्न आहे. सरांनी गवंड्यांकडे पाहिलं. गवंड्यांनी तंबाखू थुंकली, चहाचे कप पालथे घातले आणि दुसऱ्या कामावर निघून गेले. गणिताची बाई ती गणिताचीच!

मधल्या सुट्टीनंतर पाढे झाले तेव्हा तुझ्या मुलांनी अर्धी ओळ टाकली आणि माझ्या मुलांनी आकडे. 'सात सक' आल्यावर माझ्याकडची अर्धी चव्वेचाळीसवर गेली. उद्या दोन्ही वर्गांनी अख्खी ओळ म्हणायची आणि परवा उलटसुलट विचारायचं. साहेब पुन्हा आले तर इशिता त्यांना पहिल्या फटक्यात उत्तर देईल. तिला सवय लागली आहे आता.

उद्या घावणे आणते. हातात धरून काहीही बोल.

उर्मिला

गुरुवार, ४ डिसेंबर

श्रीमती संघप्रिया वाघमारे,
वर्गशिक्षिका, तिसरी 'अ' यांस,
(प्रत माहितीसाठी: मा. मुख्याध्यापक)

इमारत समितीच्या बैठकीचा निर्णय मा. मुख्याध्यापकांनी आपणां उभयतांस वाचून दाखवला आहे. भिंतीतल्या दाराची कडी कोणत्या बाजूला असावी यावर समितीचे तिन्ही सदस्य तीन तोंडांनी बोलले. एकाचं म्हणणं, तिसरी मोठी म्हणून कडी तिसरीकडे. दुसऱ्याचं म्हणणं, सावंत बाई सेवेने ज्येष्ठ म्हणून कडी दुसरीकडे. तिसऱ्याने दोन्हीकडे कड्या सुचवल्या, तेव्हा पहिल्याने विचारलं की दोघींनी एकदम लावल्या तर पोरांना बाहेर कोण काढणार. शेवटी ठरलं, की दोन्ही शिक्षिकांनी कडीबाबत एकमताने लेखी कळवावं, तोवर काम स्थगित.

त्यास अनुसरून माझं मत कळवते. कडी माझ्याच बाजूला हवी. याबाबत कोणतीही तडजोड मला मान्य नाही. आपण आपल्या गेल्या पत्रात कडी तिसरीकडेच असावी असा जो हट्ट धरला आहे, तो निव्वळ आडमुठेपणाचा आहे आणि मी त्याचा निषेध करते. निवृत्त होईपर्यंत मी माझ्या मतावर ठाम राहीन.

आपली,
उर्मिला सावंत
दुसरी 'अ'

(हे खालचं फाडून मग सरांच्या फाइलला लाव.)

संघे, उत्तर जरा खरमरीत दे. गेल्या पत्रात तू 'आदरणीय सावंत बाई' लिहिलंस, त्याने सर आनंदले ना! मला म्हणाले, "मी माणूस म्हणून सांगतो, आता समेट जवळ आलाय." मी लगेच तुझ्याबद्दल चार वाईट शब्द बोलून त्यांना शांत केलं. आणि स्टाफरूममध्ये डबे वेगळे उघडू, एकत्र कपाटामागे खाऊ. काल बाबाजीने दोघींना एकाच डब्यात हात घालताना पाहिलं. म्हणाला, "मी काय बघलाच न्हाय." तो आपल्यातला आहे.

भांडण नीट चाललं पाहिजे. मला चार वर्षं उरली आहेत, ती मी निभावते. तुझी अजून खूप आहेत. माझ्या जागी जी कोणी येईल ती चांगली असेल, गोड असेल, तुला म्हणेल की बाई, कडीचं एवढं काय, तुमच्याकडे असू द्या. तिचं ऐकू नकोस. तिला डब्यातलं अर्धं दे, घसा बसला तर तिचा वर्ग घे, पण त्या कडीवर तिच्याशी एकमत करू नकोस.